रातपाळीची भूक

लग्नानंतर आम्ही बजाजनगरात बिऱ्हाड केलं, तेव्हा तिथं घरांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते. पत्र्याची एक खोली, मागं मोरी, दारापुढं कुणाच्या तरी बांधकामाची खडी. हे वाळूजच्या एका कंपनीत पत्रा कापणाऱ्या पावर प्रेसवर होते. अंगानं काटकुळे. गंगापूरकडच्या खेड्यात वाढलेले, वावरात राबलेले. पण जेवायला बसले की बघत राहावं असं जेवायचे. भाकरी कुस्करायचे, तिच्यावर भाजल्या धान्य-मसाल्याच्या येसराची गरम आमटी ओतायचे, बुक्कीनं कांदा फोडायचे आणि मान खाली घालून जेवायचे. मधे एक शब्द नाही. ताट पुसून झालं की माझ्याकडं बघून हसायचे. माझ्या माहेरी वडील प्रत्येक घासाला नाक मुरडायचे. त्यामुळं ह्यांचं जेवण बघितलं तरी मला वाटायचं, आपलं बरं चाललंय.

कंपनीत तीन पाळ्या होत्या. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रातची, की पुन्हा पहिल्यापासून. एका वेळेची सवय लागते न लागते तोच दुसरी वेळ. रातपाळी करून हे सकाळी घरी यायचे, तेव्हा शेजारच्या बायका पोरांना दूध-चपाती देत असायच्या आणि माझ्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास सुटलेला असायचा.

"अहो, आधी चहा तरी घ्या," मी म्हणायचे.

"चहा कँटीनमधी लई झाला. भाकरी टाक."

पोटभर जेवून, खिडकीला चादर लावून झोपायचे. दुपारी उठायचे ते परत भुकेले. संध्याकाळी आमच्याबरोबर जेवायचे, वर डबा न्यायचे. एकदा मी विचारलं, "एवढं खाऊन कँटीनमधी परत वडे कशाला खाता?"

"तुला नाय कळायचं. पहाटं पोटात नुसता खड्डा पडतो. वरण-भातानं भरत नाय तो. तळलेलंच लागतं, गोड लागतं. खाल्लं की डोळे उघडे राहत्यात. प्रेसवर डोळा लागला तर बोटं जात्यात."

बोटं महत्त्वाची होती.

ह्यांच्या शेजारच्या प्रेसवर एक भाई होते. शहरातल्या जुन्या मोहल्ल्यात राहायचे. दोघांची दोस्ती अशी की सुट्टीच्या दिवशी भाई सायकलवर डबा बांधून आमच्याकडं यायचे. डब्यात नानखलिया. मी मटण खात नाही, पण त्या पिवळ्या नानचा वास मला आवडायचा. दोघं एकाच परातीत जेवायचे. ह्यांच्याइतकंच भाईही खायचे, कधी कधी जास्तच, आणि तरी भाई तसेच सुतळीसारखे. "ये मेरे को लगताच नै भाभी," ते आपल्या पोटावर हात फिरवून हसायचे. "घोड्याचं पोट दिलंय अल्लानं."

ह्यांना मात्र लागायला लागलं. आधी गाल भरले, मग मान. पट्ट्याला मोच्याकडून नवी भोकं पाडून आणली. पुढं पट्टाच नवा घेतला. गावाकडनं सासूबाई आल्या, तेव्हा त्यांनी लेकाचा दंड दाबून बघितला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाई, तुझ्या हाताला चव हाय. माझं लेकरू पहिल्यांदाच माणसासारखं दिसायलंय." गावात ह्यांना सगळे म्हणायचे, शहर मानवलं. अंगावर मांस चढणं म्हणजे घरात सुख आहे, असंच आम्ही दोन्ही घरचे लोक समजत होतो. पत्र्याच्या खोलीचं स्लॅबचं घर झालं, मुलगी शाळेत जायला लागली आणि ह्यांचं पोट शर्टाच्या गुंड्या ताणायला लागलं. आम्हाला ते सगळं एकाच चांगल्या गोष्टीचा भाग वाटलं.

मग हे घोरायला लागले. दारापुढच्या चार पायऱ्या चढल्या तरी थांबून दम घ्यायचे. पाणी पीत सुटायचे. कंपनीत सगळ्यांचं रक्त तपासलं, त्यात ह्यांची साखर निघाली, आणि थोडीथोडकी नाही. आम्ही औरंगपुऱ्यातल्या एका डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर माणूस चांगला होता. त्यानं गोळ्या लिहून दिल्या, सगळं नीट समजावून सांगितलं. भात कमी, गोड बंद, तळलेलं बंद, वजन उतरवा, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे रोज ठरलेल्या वेळी जेवा.

हे खुर्चीत अवघडून बसले होते. त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, ठरलेल्या वेळी म्हंजी कोणत्या पाळीच्या वेळी?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "पाळी बदलून मिळते का बघा."

ह्यांनी बघितलं. साहेबांना भेटले, युनियनच्या माणसाला भेटले. प्रेसवरच्या माणसाला कायमची दिवसपाळी देता येत नाही, असं उत्तर मिळालं. एकाला दिली तर सगळेच मागतील. नोकरी सोडायचा विचार आमच्या मनात आला नाही असं नाही, पण मुलगी हुशार होती, तिला शिकवायचं होतं, आणि दुसरीकडं गेलं असतं तरी तिथंही तीनच पाळ्या.

लोक म्हणतात, माणसानं जिभेवर ताबा ठेवला नाही. ह्यांनी ठेवला होता. मी बघितलंय. बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता प्यायचे. मेथी, कारलं, मोड आलेले मूग, जे ताटात वाढेन ते खायचे. वडे-भजी बंद. रातपाळीवरून आले की झोपायच्या आधी कंपन्यांच्या रस्त्यानं चालून यायचे. ट्रकांची धूळ खात, घामानं भिजून परत आले की दारातूनच म्हणायचे, "आज पार नाक्यावरच्या कमानीपर्यंत गेलतो." वजन उतरलं. चेहरा जुना दिसायला लागला. डॉक्टर खूश झाले. त्या दिवसांत मी सकाळी उठले की मला हलकं वाटायचं. आपण यातून बाहेर निघालो असं मी धरूनच चालले होते.

एका सकाळी रातपाळी सुटल्यावर भाई ह्यांना स्कूटरवर बसवून घरी घेऊन आले. ह्यांचा चेहरा पांढराफटक, शर्ट ओला.

"क्या हुआ भाई?" मी घाबरून विचारलं.

"भाभी, पहाटे ह्याचे हात थरथरायला लागले. मी हाका मारतोय, ह्याला ऐकूच येईना. हात प्रेसखाली आणि नजर कुठं तरी. मैंने खींच लिया. चहात साखर घालून पाजली, बिस्किटं खिलवली, तब होश में आया."

गोळी घेतली होती, जेवण कमी होतं आणि रात्रभर उभं राहून काम. साखर एकदम खाली गेली होती. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, जवळ काही तरी गोड ठेवा म्हणाले. पण ह्यांच्या मनात त्या पहाटेची भीती बसली ती बसलीच. त्यानंतर जरा हात थरथरल्यासारखा वाटला की हे खायचे. थरथरला नाही तरी, थरथरेल म्हणून खायचे. खिशात गुळाचे खडे, डब्यात बिस्किटांचे पुडे. पहिल्यांदा पहाटे खायचे, मग रात्री, मग दिवसाही. मी एकदा पुडा हातातून काढून घेतला, तर हे ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले.

"तुला पायजे का माझा हात तुटलेला? पायजे का?"

मी पुडा परत दिला. ते खात होते आणि मी बघत होते. पूर्वीसारखं जेवण नव्हतं ते. चव बघणं नाही, हसणं नाही. नुसतं भराभर गिळणं. वजन परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त आलं. चालणं सुटलं, कारण गुडघे दुखायचे. गुडघे दुखायचे, कारण वजन. डॉक्टरांकडं जायचं ते टाळायला लागले. "तो काय सांगणार ते मला पाठ हाय," म्हणायचे.

काही वर्षं अशीच गेली. मुलीचं लग्न झालं, ती पुंडलिकनगरला राहायला गेली. एका उन्हाळ्यात ह्यांच्या पायांवर सूज आली. चप्पल जाईना. दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहायचा. तपासण्या झाल्या. किडन्या गेल्या होत्या. थोड्या उरल्या होत्या, तेवढ्या सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले.

आणि मग मला नवीन स्वयंपाक शिकावा लागला. इतकी वर्षं साखरेसाठी जे चांगलं म्हणून मी शिजवत होते, ते सगळं आता वाईट झालं. मूग नको, डाळ थोडीच. पालक, मेथी नको. टमाटा नको, नारळपाणी तर अजिबातच नको. भाजी चिरून उकळायची, ते पाणी फेकायचं आणि उरलेला चोथा बिनमिठाचा द्यायचा. पाणीसुद्धा बाटलीत भरून ठेवायचं, दिवसाला तेवढंच. भाजीचं हिरवं पाणी मोरीत ओतताना मी एकदा मोठ्यानं म्हणाले, "मग ह्या माणसानं खायचं तरी काय?" हे बाहेरच्या खोलीत झोपलेले होते.

ह्यांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हा सासूबाई भेटायला आल्या. फार थकल्या होत्या. लेकाकडं बघून त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि बाहेर कट्ट्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तुझ्या हाती दिलं तवा हाडं-कातडं होतं, पर धडधाकट होतं. काय खाऊ घातलं बाई तू त्याला?" त्यांच्या जागी मी असते तर मीही कुणाला तरी विचारलंच असतं.

पुढं आठवड्यातून दोनदा मशिनवर रक्त धुवायला न्यावं लागायचं. ह्यांची कंपनी तर सुटलीच होती, भाईही रिटायर झाले होते, तेच रिक्षा करून बरोबर यायचे. मशिन सुरू झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा पथ्य बदललं. आता अंगात ताकद नाही, अंड्याचा पांढरा भाग द्या, पनीर द्या, खाऊ द्या थोडं. पण तोवर ह्यांची भूक गेली होती. पार गेली होती. फोडणीचा वास आला की उमासे यायचे. पाणी लोखंडासारखं लागतं म्हणायचे. मी अंडं उकडून बारीक तुकडे करून चमच्यानं पुढं धरायचे, आणि हे मान फिरवायचे.

"एक घास तरी. माझ्यासाठी."

"लागतच नाय गं भूक. मी काय करू?" हे रागानं नाही, नवल वाटल्यासारखं म्हणायचे. जन्मभर ज्या भुकेनं ह्यांना फिरवलं, ती अशी न सांगता निघून जाईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

वजन उतरत गेलं. चुलत दीर बघायला आले आणि म्हणाले, "वैनी, बारीक झाले ते एका अर्थी बरंच झालं." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मी चहा टाकला.

त्या वर्षी ईदला भाई शीरखुर्मा घेऊन आले. दरवर्षी आणायचे, त्या दिवशीही हातात डबा होता, पण उंबऱ्यावरच थांबले. "भाभी, आदत से ले आया," म्हणाले. "परत नेऊ का?"

आतून ह्यांनी ऐकलं. "आण इकडं," म्हणाले. भाई पलंगाजवळच्या स्टुलावर बसले. डब्याचं झाकण उघडलं. खजूर, बदाम, तुपात परतलेल्या शेवया. ह्यांनी वाकून वास घेतला. मला वाटलं, मागतील. मी तर वाटीही काढली होती. एक चमच्यानं काय बिघडणार होतं, आता बिघडायला राहिलं होतं काय?

"नाय," हे म्हणाले. "वास येतो, पर तोंडाला पाणीच सुटत नाय. तू खा."

"मैं कैसे खाऊं यार?"

"खा म्हणतो ना. मी बघतो."

भाईंनी वाटी घेतली. मान खाली घालून एक एक चमचा खाल्ला. हे त्यांच्याकडं टक लावून बघत होते. डोळ्यांत ना हेवा होता ना दुःख. एखाद्याचं काम बघावं तसं बघत होते. वाटी संपली तेव्हा विचारलं, "गोड बरोबर झालंय का?"

"हौ," भाई म्हणाले. "बरोबर है." आणि उठून मोरीत हात धुवायला गेले, ते बराच वेळ आले नाहीत. नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला.

थंडी सुरू झाली आणि हे गेले. दवाखान्यात, दिवसाउजेडी, मशिनवरून उतरवल्यावर. त्याच्या आदल्या दिवशी मी पातळ खिचडी नेली होती. दोन चमचे घेतले होते.

आता मी एकटीच आहे. वेळेचं बंधन नाही, पाळी नाही. भाकरी थापावी तर एकच थापावी लागते, आणि एकीसाठी तवा तापवावासा वाटत नाही. सकाळचा चहा होतो, मग दुपार कधी होते ते कळत नाही. कधी शिळी चपाती, कधी मुरमुरे. कधी कधी मात्र संध्याकाळी मी मुलीनं आणलेला फरसाणचा अख्खा पुडा संपवते आणि तो संपल्यावरच लक्षात येतं. मुलीनं ओढून नेऊन माझंही रक्त तपासलं. माझीही साखर निघाली. डॉक्टर नवीन होता, तरुण होता, पण गोळी लिहून देताना बोलला तेच. ठरलेल्या वेळी जेवा.

मुलगी रोज दुपारी फोन करते. "आई, जेवलीस का?"

"व्हय, जेवले," मी म्हणते. ती गोळीचं विचारते, तेही घेतली म्हणते. गोळी मात्र खरंच घेतलेली असते. मग ती तिच्या पोरांचं सांगत बसते आणि मी ऐकत असते.