माझ्या हाताखाली कुणी नाही

पगारवाढ हवी की पद, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी फार विचार केला नाही. पद, मी म्हणाले.

सिंगापुरात वुडलँड्सला आमची फॅक्टरी होती. संगणकाच्या हार्डडिस्कमध्ये बसणारे नखाएवढे सुटे भाग तिथे बनायचे आणि मी ते मायक्रोस्कोपखाली तपासायची. अंगभर पांढरा सूट, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, उघडे फक्त डोळे. साहेब सिंगापूरचेच, चिनी, पन्नाशीच्या आसपासचे. माणूस वाईट नव्हता. त्या वर्षी कंपनीचा हात आखडलेला होता, म्हणून ते म्हणाले, दोन्ही जमणार नाही, एक काहीतरी निवड.

माझ्या शेजारच्या मायक्रोस्कोपवर एक मलाय बाई बसायची. तिला विचारलं असतं तर तिनं डोळे मिटून पैसे घेतले असते. पण आम्ही वेगळ्या मुलखातली माणसं. आमच्याकडे पगार झाकतात आणि पद दाखवतात. लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या नावापुढे कंसात बी.कॉम. छापतात, दारावरच्या पाटीवर निवृत्त लिपिक असं लिहून घेतात. माणूस गेला तरी बातमीत नावाआधी हुद्दा. आणि मी तर घरातली पहिली पदवीधर, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. तो लपवायचा कशासाठी?

शिवाय आप्पा होते. माझे वडील इचलकरंजीत मागावर कामाला. मालक त्यांना कधी नावानं हाक मारत नसे. ज्या मागावर उभे असतील त्याचा नंबर हाच त्यांचा पुकारा. "ए बारा नंबर, धागा बघ." मी लहानपणी डबा घेऊन जायची तेव्हा हे कानानं ऐकलंय. मागांचा खडखडाट इतका, की ओरडल्याशिवाय ऐकू जात नसे, पण नाव ओरडलं असतं तरी ते तितकंच ऐकू गेलं असतं.

तर मला व्हिजिटिंग कार्डं छापून मिळाली. असिस्टंट मॅनेजर, क्वालिटी. त्यातलं एक मी गावी पाठवलं. आप्पांचा फोन आला.

"काय छापलंय गं यावर? इंग्रजीत हाय सगळं."

"साहाय्यक व्यवस्थापक, आप्पा."

"म्हंजी साहेबच की."

"धाकटा साहेब म्हणा."

"असंना का. धाकला असला तरी साहेबच."

ते कार्ड त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात गेलं. आई सांगायची, चहाच्या गाड्यावर काढून दाखवतात, मग रुमालानं पुसून परत ठेवतात.

काम काहीच बदललं नाही. तेच स्टूल, तोच मायक्रोस्कोप, तेच मानेचं दुखणं. फक्त नेमणुकीचं पत्र नवं आलं आणि मी ते सही करून दिलं. शेजारची बाई तेवढी मला मॅडम म्हणायला लागली. आधी मी तिची सिस्टर होते. "मॅडम, तुमची टोपी वाकडी आहे लाह." वाक्याच्या शेवटी लाह लावायची ही तिकडची लकब. आम्ही दोघी पट्टीच्या आत हसायचो.

पुढच्या वर्षी आम्हा दोघींना एकाच सुमारास दिवस गेले. तिची तिसरी वेळ, माझी पहिली. पांढरे सूट पुढून सारखेच फुगले. कँटीनमध्ये ती मला काय खा, काय नको ते सांगायची, आणि सुट्टीच्या दिवशी मी लिटिल इंडियात जाऊन खारकांचे लाडू आणायची, ते दोघींत वाटून खायचो.

सहावा संपला आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनीत फेररचना चालली होती. महिन्याची नोटीस त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"तुमच्यात पहिल्या बाळासाठी आईकडे जातात ना?" ते म्हणाले. आधीच्या एका भारतीय मुलीनं त्यांना हे सांगितलेलं. "जा, आराम कर. मग पुन्हा अर्ज दे. मी बघेन."

मी विचारलं, "आणि माझ्या शेजारची? तिलाही नोटीस?"

"तिची गोष्ट वेगळी. ती कामगार आहे, तिला कामगार कायदा लागतो, अशा दिवसांत काढता येत नाही. तू मॅनेजमेंटमध्ये आहेस."

हे ते रागानं म्हणाले नाहीत. फोटोकॉपी मशीन कसं चालतं ते सांगावं तसं सांगितलं.

नोकरी गेली म्हणजे काय जाणार होतं ते सांगते. सिंगापुरात माझं राहणं त्या नोकरीच्या पासवर, म्हणजे परवान्यावर होतं. माझा नवरा बेडोकला एका छोट्या फर्ममध्ये हिशेब लिहायचा. त्याच्या पगारावर मला त्याची बायको म्हणून ठेवून घेण्याचा पास मिळत नव्हता. नोकरी संपली की पास संपला, पास संपला की मला देश सोडावा लागणार. मूल तिकडे, बाप इकडे. पुन्हा कधी एकत्र, ते कुणाला ठाऊक.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ये की मग. पहिलं बाळंतपण माहेरीच करत्यात."

"येईन गं आई. पण रजा घेऊन येईन. नोकरी घालवून नाही."

ती मग म्हणाली, "आप्पांना सांगू का?"

"नको."

कामगार खात्याच्या ऑफिसात गेले. नंबर लागल्यावर काउंटरवर एक तमिळ बाई होती, माझ्याच वयाची. मी नोटीस दिली आणि सवयीनं तिच्यासमोर माझं कार्डही ठेवलं. तिनं कार्डाला हात लावला नाही.

"तुमच्या हाताखाली माणसं आहेत?"

कार्ड तिथं दोघींच्या मध्ये पडलेलं होतं. त्यावर जे छापलंय ते तोंडानं कसं नाकारायचं? आणि खरं सांगायचं तर मला तो प्रश्न परीक्षेतल्यासारखा वाटला. आम्हाला लहानपणापासून एकच माहीत, ऑफिसात गेलं की आपण मोठे आहोत असं दिसलं पाहिजे, नाहीतर कुणी उभं करत नाही. आप्पांबरोबर तहसीलला जाताना आई मला शाळेचा गणवेश घालायला लावायची, म्हणजे लोकांना कळेल की या घरात शिकणारं कुणी आहे.

"हो," मी म्हणाले, "तपासणीची सगळी लाइन."

तिनं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

"तसं असेल तर हा कायदा तुम्हाला लागत नाही. तो मॅनेजर लोकांसाठी नाही. ते स्वतःचं स्वतः बोलून घेतात असं धरलेलं आहे." माझ्या पोटाकडे बघून तिचा आवाज जरा खाली आला. "पण हे पदाच्या नावावर ठरत नाही. रोज काय काम करता त्यावर ठरतं. अजून काही सांगायचं असेल तर परत या. सांगाल तेच मी लिहीन."

एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, एका म्हाताऱ्यानं उठून मला जागा दिली. वुडलँड्स येईपर्यंत मी ते कार्ड बोटांत फिरवत होते.

नवऱ्याला सांगितलं. तो भात कालवत होता, थांबला.

"लाइन तुझ्या हाताखाली कधी आली गं?"

"तू गप्प बस."

"नाही, विचारतो. मॅनेजरबाई, परवा डॉक्टरकडे जायला अर्धा दिवस मागायला तासभर कुणाच्या दाराशी उभ्या होतात?"

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी ताट सारलं. थोड्या वेळानं त्यानंच ते परत माझ्यापुढे ओढलं.

"तिथं जाऊन सांगायचं की मी काही मॅनेजर नाही?" मी म्हणाले. "साहेबांसमोर? मग आप्पांना काय सांगू?"

"आप्पा त्या खोलीत असणार आहेत का?"

असणार होते. त्याला ते दिसत नव्हतं इतकंच.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये शेजारणीला सगळं सांगितलं. ती आधी हसली. "मी तुझ्या हाताखाली? कधीपासून? संडासला जायचं तर आपण दोघी एकाच माणसाला विचारतो लाह." मग माझा चेहरा बघून तिनं हसणं थांबवलं. तिनं आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि तसाच राहू दिला. "सिस्टर," म्हणाली. बऱ्याच दिवसांनी म्हणाली.

मी खात्याच्या काउंटरवर परत गेले आणि अजून सांगायचं आहे एवढंच म्हणाले. त्यानंतर खात्यानं दोन्ही बाजूंना समोरासमोर बोलावलं. छोटी खोली, लांबट टेबल. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये तीच तमिळ बाई. साहेबांनी खिशातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. माझंच होतं. त्यांनी ते जपून ठेवलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"हे तिनं स्वतः मागून घेतलं," ते म्हणाले. "मी दोन गोष्टी पुढे ठेवल्या होत्या. तिनं ही निवडली."

"खरं आहे?" बाईनं मला विचारलं.

"खरं आहे."

"तुमच्या हाताखाली माणसं आहेत?"

इंग्रजीत उत्तर द्यायचं होतं, पण डोक्यात सगळं मराठीत चाललं होतं. बारा नंबर, बारा नंबर. मी टेबलाची कड धरली.

"माझ्या हाताखाली कुणी नाही," मी म्हणाले.

एकदा ते तोंडातून गेलं आणि मग बाकीचं आपोआप येत गेलं. मी सुटे भाग तपासते. चीर असली, डाग असला की लाल स्टिकर लावते. तो माल परत पाठवायचा की चालवून घ्यायचा ते मी ठरवत नाही. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला रजा द्यायची, ते मला कुणी विचारत नाही. मला स्वतःला रजा हवी असली तर मागावी लागते. माझ्या शेजारी जी बसते ती जे करते तेच मी करते. आम्ही दोघी गरोदर आहोत आणि दोघींच्या कामात काही फरक नाही.

मी रडले नाही. पुष्कळांना वाटतं अशा वेळी रडले असेन. मला मोलमजुरी सांगायची लाज कधी नव्हती. त्या मजुरीवरच मी शिकले. मला लाज वाटत होती ती त्या गुळगुळीत कार्डाची. त्याच्या मागं लपून मी एकदा खोटं बोलले होते आणि तरी वाचले नव्हते.

बाईनं साहेबांकडे वळून विचारलं, "माल परत पाठवायचं कोण ठरवतं?"

साहेबांनी कार्डाकडे बघितलं. त्यांना काहीही सांगता आलं असतं. त्या खोलीत दुसरा साक्षीदार नव्हता.

"मी," ते म्हणाले.

"रजा कोण मंजूर करतं?"

"मीच."

तिनं ते लिहून घेतलं. पुढं ती जे म्हणाली ते तिनं साहेबांना म्हटलं. कामावरून पाहता या बाईंना कायदा लागतो असं खात्याचं मत होईल, आणि गरोदर बाईला सबळ कारण नसताना काढणं कंपनीला जड जाईल. साहेबांनी मान हलवली.

लिफ्टपाशी आम्ही दोघंच उभे होतो. "तुला ते पद इतकं हवं होतं," ते म्हणाले. "मी आनंदानं दिलं होतं." मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि तरी माझा राग गेला नाही. आजही दोन्ही तसंच आहे.

नोटीस मागे घेतली गेली. पदही परत घेतलं गेलं, तसं पत्र आलं. मी पुन्हा त्याच स्टुलावर बसले. शेजारणीला मुलगा झाला. मला मुलगी, ती सिंगापुरातच. बाळंतपणाला आई आली नाही, विमानाला भ्यायली. नवऱ्यानं फोनवरून विचारून विचारून अळिवाची खीर केली, ती करपली, मी ती तशीच खाल्ली.

मुलगी दोन महिन्यांची झाल्यावर रजेतच तिला घेऊन गावी गेले. आप्पा नातीला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या खिशातून कार्डाचं टोक दिसत होतं. कडेनं काळपट झालेलं.

मी सांगितलं. थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण सगळंच सांगितलं. काउंटर, खोली, साहेबांनी काढलेलं कार्ड, आणि मी काय बोलले ते. आप्पा नातीच्या पावलाला बोटानं चोळत ऐकत होते.

"म्हंजी आता धाकला साहेबबी न्हाईस."

"नाही, आप्पा."

"आणि काम हाय?"

"काम आहे. रजा संपली की जायचंय."

आत आई भाकरी थापत होती, तिचे हात थांबलेले कळत होते. मग आप्पांनी खिशातून कार्ड काढलं, उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

"हितं मराठीत लिही," म्हणाले. "तू काय करतीस ते. पुढलं न्हाईतरी कुणाला वाचाया येत न्हाई."

मी पेन शोधलं. लिहिलं, सुटे भाग तपासते. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी अक्षरावर बोट ठेवून ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि कार्ड खिशात ठेवून दिलं.