खुर्ची ढकलायला गेलो होतो

एक वाक्य मी माह्या बहिणीले बोललो होतो, आणि नऊ वर्षं ते माह्याच घशात अडकून होतं. गिळताही येईना, परत घेताही येईना. आमचं घर मूळचं कॅथलिक. बाप नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे भिलाईले आला. मी इथंच पोलादाच्या प्लांटमध्ये खलाशी लागलो, म्हणजे जड माल चढवणारा-उतरवणारा. शाळा चौथीपर्यंत, पण कोणापुढे मान वाकवायची सवय नाही. बायको गेल्यावर घर खायला उठायचं. तेव्हा पांढऱ्या शर्टातले दोघं प्रचारक दारी आले, त्यांच्याजवळ बसून बसून मी मॉर्मन झालो, म्हणजे ख्रिस्तीच, पण वेगळ्या पंथाचा. चहा सोडला, जुनी संगत सोडली. मनाले शांती मिळाली, हे खोटं नाही. पण शांतीबरोबर अकडही आली. आमच्या चर्चात क्रूस लावत नाहीत, जित्या प्रभूची आठवण ठेवतात. एवढं बहिणीले, सुशीलेले, नीट सांगता आलं असतं. मी भर जेवणात म्हटलं, "तुमी लोक मेलेल्याले धरून बसले." तिचा नवरा जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. ती ताटावरून उठली, ती उठलीच. तेव्हापासून बोलणं बंद.

यंदा ईस्टरच्या आधी तिच्या सुनेचा, रेखाचा फोन आला. "मामाजी, आईचं पुढच्या हप्त्यात हार्टचं ऑपरेशन आहे. चालता येत नाई, पण गुड फ्रायडेच्या जुलुसात जातोच म्हणून राहिल्या. हे तर ड्यूटीवर बाहेरगावी. खुर्ची ढकलाले येता का?"

"तिनं बोलावलं का मले?"

"नाई. कोणालेही सांग म्हणाल्या."

रेखा खोटं बोलत नाही, म्हणून ती मले आवडते. मी हो म्हटलं. पण रात्रभर स्वतःशी ठरवत बसलो, की खुर्ची तेवढी ढकलायची. गुडघा टेकायचा नाही, क्रुसाले हात लावायचा नाही. मनात एक भीती होती, ती कोणाले सांगितली नाही. ऑपरेशनमध्ये काही कमी-जास्त झालं, तर ती माह्यं ते वाक्य सोबत घेऊन जाईल. माफी मागायची होती. कशी मागतात, हे मले माहीत नव्हतं.

सकाळीच ऊन चढलं होतं. सुशीला खुर्चीत पांढऱ्या साडीत बसली होती, माह्याकडे न पाहता. आमच्या चर्चात सगळे एकमेकांले ब्रदर-सिस्टर म्हणतात. तोंडाले तीच सवय. मी म्हणून गेलो, "सिस्टर, पाय नीट ठेवा."

ती रेखाले म्हणाली, "यांले सांग, सिस्टर दवाखान्यात राहते. मी कोणाची सिस्टर नाई."

रेखानं तोंडाले पदर लावला. मी ढकलत राहिलो. पुढे लाकडाचा मोठा क्रूस, लोक आळीपाळीनं खांदा देत होते. प्रार्थनेच्या प्रत्येक थांब्यावर सगळे गुडघे टेकायचे आणि मी एकटा खांबासारखा उभा. सिविक सेंटरच्या वळणावर खुर्चीचं पुढचं चाक रस्त्याच्या जाळीत फसलं आणि निखळलं. खुर्ची तिरपी झाली. मी मागून दांडे घट्ट धरले, पण खुर्ची हातांले सावरेना. एके काळी टनाचा माल झेलणारे हात. सुशीलेचा चेहरा पांढरा पडला.

तेव्हा क्रूस ज्याच्या खांद्यावर होता, तो माणूस वळून आला. दणकट, हातावर वेल्डिंगचे डाग, जवळच्या हथखोजच्या कारखान्यातला असावा. एका हातानं त्यानं खुर्ची तोलली आणि दुसऱ्यानं क्रूस सरळ माह्या खांद्यावर टेकवला. "बाबा, ये आप सँभालो. इनको मैं देखता हूँ." मी नाही म्हणायच्या आत मागून लोकांचा लोट आला. उभं राहता येईना, म्हणून चालू लागलो.

आमच्या कामात एक कायदा होता. मालाखाली असलेल्या माणसानं बोलायचं नाही. हाक देणाऱ्या एकाचा आवाज ऐकायचा आणि पाय टाकायचा. मी तसाच चाललो. मले कोणता दैवी उजेड दिसला नाही, वरून आवाज ऐकू आला नाही. फक्त खांद्यावर वजन होतं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणाले खोटं ठरवायचं मनात नव्हतं.

पुढच्या थांब्यावर दुसऱ्यांनी क्रूस घेतला. मागे पाह्यलं तर रेखा खुर्ची आणून राहिली होती, चाक तारेनं पक्कं बांधलेलं. तो माणूस कुठं दिसला नाही. जुलुसासोबत चालणाऱ्या फादरले मी विचारलं, "ब्रदर, तो कोण होता?"

फादर हसले. "मुझे तो लगा आपके घर का है."

कोण होता, यावर मी वाद घालत नाही. मी खुर्चीपाशी खाली बसलो. चाक पाहतो आहे, असं लोकांले दाखवलं.

"सुशे, चुकलं माह्यं."

ती म्हणाली, "चाकाचं म्हणून राहिला का?"

"नाई. त्या दिवशी बोललो ते."

तिनं हात पुढे केला आणि माह्या खांद्यावरचा लाकडाचा भुसा पदरानं झटकला. म्हणाली, "किती घामेजला तू. घरी चाल, चहा... नाई पेत ना तू. सरबत करते रेखा."

ऑपरेशन नीट झालं. मी आजही मॉर्मनच आहे, रविवारी माह्याच चर्चात जातो, आणि दुपारी सुशीच्या घरी जेवतो. विश्वास म्हणजे घट्ट धरून राहणं, असंच मी समजत आलो होतो. पण म्हाताऱ्याची मूठ स्वतःहून उघडत नाही. देवानं त्या दिवशी माह्या हाताले दुसरं काम दिलं, आणि मुठीतली अकड तेवढ्यात काढून घेतली. मी मागितलंही नव्हतं. त्याचे आभार कसे मानतात, ते मले अजून धड येत नाही, म्हणून हे लिहिलं.