सतरा एकांची संख्या

आमचे गुरुजी फळ्यावर तारीख लिहायला हमखास विसरत, पण कोपऱ्यात एकाचा आकडा ओळीने सतरा वेळा लिहायला कधी विसरले नाहीत. सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या त्या शाळेत त्यांचं नावच 'सतरा एक गुरुजी' पडलं होतं. मी तिथे शिक्षिका होते आणि मीही तेच म्हणायचे, अर्थात त्यांच्या माघारी.

"बाई, दोन एकांचा अकरा कशानं भागत न्हाय. पण तीन एक घ्या, पाच, सात, अकरा, तेरा, सगळ्यांना भाजक घावतो, सगळे मोडतात. सतरा मात्र मोडंना बघा. मूळ संख्याच हाय ही!" असं ते भेटेल त्याला सांगत. चौतिसाने भागल्यावर एक उरेल, असाच मूळ भाजक हिला चालेल, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं. म्हणजे काम कमी झालं म्हणायचं, पण कसलं कमी! संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे साडेदहा कोटींपर्यंत जायचं होतं, तेही हाताने.

रोज चार भाजक, जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. "अहो गुरुजी, सात जन्म पुरायचे नाहीत," मी म्हणायचे.

"न पुरू देत की. मुख्याध्यापकी हुकली, बायको गेली. एवढी एक गोष्ट तरी कुणाला फोडता येऊ नये."

मी आपली त्या दिवसाचे कागद पुढे ओढायचे.

भागाकार तपासायचं काम माझ्याकडे होतं. उलट गुणायचं, बाकी मिळवायची, सतरा एक आले की बरोबरची खूण. वर्षभर इमानाने केलं. मग मेला कंटाळा आला आणि मी नुसती अंकांची बेरीज करून नवाचा ताळा घेऊन मोकळी व्हायला लागले. दोन अंकांची अदलाबदल झाली तर या ताळ्यात ती सापडत नाही, हे मीच वर्गात शिकवत होते!

या भागाकारांच्या नवव्या वर्षी मी पुण्याला प्रशिक्षणासाठी गेले. तिथल्या ग्रंथालयात एका जाड पुस्तकात कोष्टक होतं. सतरा एक मोडतात. भाजक वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. परत येऊन शाळेच्या कपाटातले गठ्ठे उपसले, तर दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर तोच भाजक. वजाबाकी उतरवताना शेहेचाळीसचे चौसष्ट झाले होते, म्हणून बाकी उरली होती. खाली माझी खूण. स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. गुरुजी त्यानंतर दोन वर्षं फुकट भागत बसले होते.

कबूल करायचंच, असं ठरवून सोलापुरातल्याच भवानी पेठेत त्यांच्या खोलीवर गेले. महिन्यापूर्वी लकवा मारल्यापासून ते अंथरुणावर होते. मला बघून चेहरा उजळला.

"या बाई. हात चालंना माझा. आजचा भाजक तुमी मांडा की."

तोंडाशी आलेलं गिळलं. बसले, मांडला. बाकी उरली, उरणारच होती; मोडणारा भाजक दोन वर्षांमागेच निसटला होता.

"बघा," गुरुजी म्हणाले, "मोडंना."

मी "व्हय गुरुजी" म्हटलं आणि पुढचा भाजक मांडायला घेतला.