बारीक अक्षराचे निमित्त

बडोद्याच्या न्यायालयाच्या आवारात, कडुनिंबाच्या सावलीत, माझे टेबल आहे. मी त्यास कार्यालय म्हणतो. वारसाहक्क असो, भाडेकरूची तक्रार असो वा नुकसानभरपाई, माझा गुजराती अर्ज असा उतरतो की नकार देणाऱ्या अधिकाऱ्यास दोनदा विचार करावा लागतो. नवे वकील मसुदा दाखवावयास येतात तेव्हा मी चष्म्यावरून पाहतो आणि लगेच बोलत नाही. माझी शाळा मॅट्रिकच्या अलीकडेच इंग्रजीने थांबवली, ही गोष्ट त्या आवारात कोणास ठाऊक नव्हती. घरी ठाऊक होती. परंतु घरी तिचा उच्चार कधी झाला नाही.

मुलीचे लग्न झाल्यावर माझ्या पत्नीने कायद्याच्या वर्गात नाव घातले. ती लग्नाआधीच बी. ए. झालेली. "तुमचं टेबल इतकी वर्षं कोर्टाच्या बाहेर आहे," ती म्हणाली, "आत काय असतं ते मी बघून येते." पदवी मिळाली, तात्पुरती सनद मिळाली, आणि काळा कोट घालून ती एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करू लागली. मात्र नव्याने आलेल्या नियमाप्रमाणे बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून सनद पक्की होत नव्हती. पहिल्या खेपेस ती थोडक्या गुणांनी नापास झाली. तात्पुरत्या सनदेची मुदत सरत आली होती. याही खेपेस अपयश आले असते तर कोट खुंटीला लागला असता, आणि ज्या दरवाजातून ती आत जाऊ लागली होती त्याच्या बाहेर, माझ्या टेबलाशी, ती पुन्हा येऊन बसली असती.

तिने परीक्षेचे माध्यम इंग्रजी घेतले होते, कारण महाविद्यालयात सारे इंग्रजीतच झाले होते. वाचावयास निवांत वेळ नव्हता. "पोळ्या लाटताना माझे कान मोकळे असतात," ती म्हणाली. "तुम्ही पुस्तकातला प्रश्न वाचा, मी उत्तर देईन."

मी तत्काळ होकार दिला. इतकेच नव्हे, तर दुसऱ्याच दिवशी आवारात सांगून टाकले की घरी वकीलबाईंचा अभ्यास मी घेतो.

पहिल्या आठवड्यात मी ओट्याशेजारी खुर्ची टाकून पुस्तक उघडीत असे आणि तोकडे प्रश्न निवडीत असे. लांबलचक शब्द दिसला की मी म्हणत असे, "हा अगदीच सोपा आहे, पुढचा घेऊ."

एके सकाळी तिने लाटणे थांबवले. "अहो, तुम्ही मला कराराचा कायदा एकदाही विचारला नाहीत. सगळा सोपाच आहे का तो?"

"अक्षर फार बारीक आहे त्या भागाचं," मी म्हणालो.

"असेल," ती म्हणाली, आणि पोळी उलटली.

दुसऱ्या सकाळी खुर्चीवर सुटे कागद होते. प्रश्न तेच, इंग्रजीच, पण तिच्या हातच्या देवनागरीत उतरवलेले. "तुमच्या डोळ्यांना त्रास नको. लिहिताना माझीही उजळणी होते," ती म्हणाली. मी कागद उचलले आणि खणखणीत आवाजात वाचू लागलो. अर्थ मला निम्मा कळत नव्हता. उच्चार मात्र सफाईदार येत होते. शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारले, "काका अंग्रेजी बोले छे?" तेव्हा मी आवाज आणखी चढवला. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली असता वकिलांनी कामकाज बंद ठेवले, म्हणून मी दुपारीच समा भागातल्या आमच्या घरी परतलो. दार लोटलेले होते. ती जेवणाच्या टेबलाशी पाठमोरी बसून प्रश्न उतरवीत होती. शेजारी तिने स्वतःसाठी आणलेली पुस्तके तशीच, दोरा न सुटलेली. सुट्टीची अख्खी दुपार ती माझ्यासाठी लिहिण्यात घालवीत होती. मी तिच्या खांद्यावरून पाहिले. पुस्तकातले छापील अक्षर तिच्या अक्षराहून मोठे होते.

तिने मागे वळून पाहिले. कागद झाकले नाहीत. "जेवायचंय?" तिने विचारले.

मी "नको" म्हणालो आणि आत जाऊन पडून राहिलो. उठून सांगावे, की लिहिणे थांबव, एवढेच करावयाचे होते. जन्मभर मी इतरांची विनंती नेमक्या शब्दांत मांडत आलो आहे. माझी स्वतःची त्या दुपारी मांडता आली नाही. दुसऱ्या सकाळीही मी कागद उचलले आणि वाचले. तिसऱ्या सकाळीही. ती उत्तर देताना जांभई आवरत होती आणि एका साध्या प्रश्नावर चुकली. तेव्हा मी कागद ओट्यावर ठेवले.

"आजपासून हे लिहू नकोस."

"मग विचारणार कोण?"

"मीच. पुस्तकातून. येईल तसं."

"कराराच्या कायद्यापासून?"

"तिथूनच घेऊ," मी म्हणालो.

पहिलाच मोठा शब्द मी तीन तुकड्यांत तोडला आणि तिन्ही चुकीचे जोडले. तिने वळून न पाहता तो नीट उच्चारला. मी पुन्हा म्हटला. शेजारच्या खिडकीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज आपोआप खाली गेला. "मोठ्यांदा, अहो," ती म्हणाली, "पंख्यात ऐकू येत नाही." मी मोठ्यांदा वाचले. दुपारी ती आता स्वतःचे वाचू लागली. सकाळी माझे अडखळणे ऐकत, एकेक शब्द सुधारत, उत्तरे देत राहिली. एकदाही हसली नाही. हसली असती तर मला सोपे गेले असते.

ती उत्तीर्ण झाली. निकालाच्या दिवशी ती पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या टेबलाशी आली. तिचे ज्येष्ठ वकील, दोन-चार कारकून, माझे नेहमीचे पक्षकार जमले. "सगळा अभ्यास आमच्या यांनी घेतला," ती म्हणाली. ती थट्टा करीत नव्हती.

ज्येष्ठ वकिलांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काका, हवे मारा भत्रीजाने पण तमे ज तैयार करावो!" पुतण्याचीही तयारी मीच करून घ्यावी, अशी त्यांची इच्छा होती.

सारे माझ्याकडे पाहत होते. तीही पाहत होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, मने अंग्रेजी वांचतां नथी आवडतुं." मला इंग्रजी वाचता येत नाही.

सर्वांत आधी ज्येष्ठ वकीलच मोठ्याने हसले. "जुओ, आने कहेवाय नम्रता!" त्यांना तो माझा विनय वाटला. कारकुनांनी माना डोलावल्या.

पत्नी हसली नाही. ती माझ्या पुढल्या वाक्याची वाट पाहत होती. मी पेढ्यांचा पुडा हाती घेतला आणि वाटू लागलो.