शेडमधला पांढरा उजेड

खरादी हे त्याचं आडनाव नव्हतं, धंदा होता. पण गल्लीत त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. त्यामुळे बायकोही आपोआप खरादीण झाली. आधी तिने नाक मुरडलं, मग हसून चालवून घेतलं.

उमेदीची सगळी वर्षं त्याने फर्निचरच्या कारखान्यात लेथवर काढली. लाकूड फिरतं ठेवायचं आणि पटाशी टेकवून त्याला गोल आकार द्यायचा, एवढंच काम. पण त्याने काढलेला टेबलाचा पाय दिसला की बघणाऱ्याला त्यावरून बोट फिरवावंसं वाटे. कारखाना बंद पडला तेव्हा तिथलाच एक जुना लेथ त्याने घरी आणला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमधली अडगळ काढून तिथे बसवला. लेथच्या वर एक पिवळा बल्ब टांगला. सगळ्या शेडमध्ये उजेड तेवढाच.

चष्म्याचा नंबर वाढत गेला तसे त्याचे हात चुकायला लागले. खाच जास्त खोल जायची, कड फाटायची, आणि मग दिवसभर घरात कुणाशी धड बोलायचा नाही.

"अहो, ही काय अंधारकोठडी आहे?" बायको म्हणायची. "भावजींना सांगा ना, दोन दिवे लावून देतील. घरचाच वायरमन आहे."

धाकटा भाऊ वायरमन झाला तो खरादीमुळेच. वडील लवकर गेल्यावर खरादीनेच त्याला वाढवलं, कामाला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. दादाचा शब्द तो खाली पडू द्यायचा नाही. तेव्हा एका ऑफिसची दुरुस्ती चालू होती, तिथल्या जुन्या लांब ट्यूब काढून टाकायच्या होत्या. त्याने त्यातल्या चांगल्या निवडल्या, पुसून आणल्या आणि सुट्टीच्या दिवशी शेडच्या आढ्याला एका ओळीत बसवल्या. पिवळा बल्ब उतरवून ठेवत म्हणाला, "दादा, हा आता कशाला? नुसता डोक्याला ताप."

बटण दाबलं आणि शेड पांढरी झाली. कोपऱ्यातला भुसासुद्धा दिसायला लागला.

"ऑपरेशन थिएटर केलंस की रे," खरादी म्हणाला. तो खूश झाला म्हणजे त्याची एक भुवई वर जायची. ती वर गेली होती.

काही दिवसांनी त्याने बायकोला मुद्दाम शेडमध्ये बोलावलं. लेथ चालू होता. लाकूड घट्ट पकडणारा चार दातांचा लोखंडी जबडा असतो, त्याला चक म्हणतात, त्या चककडे बोट दाखवून म्हणाला, "बघ गंमत. फिरतोय, पण दिसतो कसा? उभा."

खरंच, चार दात वेगळे वेगळे दिसत होते. जरा मागे सरकल्यासारखे वाटत, पुन्हा जागच्या जागी येत. ती हसली. "तुमच्यासारखंच आहे. एवढी धडपड, आणि जागचे हलत नाही." तोही हसला.

पुढे एका दुपारी शेजारच्या घरी लोखंडी जाळीचं काम चाललं होतं. ग्राइंडरचा कर्कश आवाज सगळ्या गल्लीत भरला होता. खरादीचे कान कारखान्याने आधीच निम्मे नेले होते. बायकोने मागच्या दारातून जोरात हाक मारली, जेवण गार होतंय. तो लेथ तसाच चालू सोडून तिला काहीतरी सांगायला दारापर्यंत आला, दोन शब्द बोलला, आणि हातातलं काम संपवून येतो म्हणून परत गेला. ग्राइंडर चालूच होता. मोटरचा आवाज त्याला ऐकू आला नाही. समोर चक उभा दिसला. बंद करून गेलो होतो, असं वाटलं असेल. लाकूड सैल करायला त्याने उजवा हात पुढे केला.

तो ओरडला नाही. आवाज बदलला तो मोटरचा, तिला तो घरातून ऐकू आला. ती धावली, बटण बंद केलं, आणि पुढे जे दिसलं त्यावर ती कधी बोलली नाही.

डॉक्टरांना तीन बोटं काढावी लागली. उरला तो अंगठा आणि करंगळी.

दवाखान्यात जुन्या कारखान्याचे फोरमन भेटायला आले. झाली हकीगत ऐकून म्हणाले, "अशी ट्यूब सारखी लुकलुकत असते. डोळ्याला कळत नाही, पण फिरती वस्तू तिच्यात थांबल्यासारखी दिसते. म्हणून आपल्याकडे प्रत्येक मशीनवर वेगळा पिवळा बल्ब असायचा. तो तसा लुकलुकत नाही."

"मी त्या बल्बखाली जन्म काढला," खरादी म्हणाला. "कशाला लावलाय, हे एकदाही विचारलं नाही."

धाकटा भाऊ दाराशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं. खरादीणही ऐकत होती. ती त्याच्याकडे वळली आणि तिच्या तोंडून गेलं, "भावजी, दिवे तुम्हीच लावलेत ना? तो बल्ब तुम्हीच काढलात."

तो जिना उतरून गेला आणि पुन्हा दवाखान्यात आला नाही. घरीही आला नाही.

खरादी घरी आला. डाव्या हाताने जेवायला शिकला, डाव्या हाताने बटणं लावायला शिकला. शेडकडे मात्र फिरकला नाही. खुर्च्यांच्या पायांचं काम अर्धं पडून होतं, गिऱ्हाईक विचारून जात होतं. एक दिवस बायको म्हणाली, "मला शिकवा."

"डोकं फिरलंय तुझं," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "त्या दिव्यांत नाही. आधी दिवे बदल."

ती दिराकडे गेली. त्याने वायरमनचं काम सोडलं होतं, एका गोदामावर राखणीला बसत होता. वहिनीला बघून उठला, तिला बसायला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला.

"भावजी, मी तेव्हा बोलले ते विसरा," ती म्हणाली. "दिवे आणायला मी सांगितलं होतं. हाक मी मारली होती."

"वहिनी, तुम्ही बोलल्या नसतात तरी काय? मी ते रोज स्वतःला ऐकवतो."

"मग या आणि नवे दिवे लावून द्या."

त्याने नकाराची मान हलवली. "वायर आता हातात धरवत नाही. लावायला दुसरा कुणी बघा. पण दिवा कुठला घ्यायचा ते सांगतो." मग तो बोलत राहिला. सगळं त्याने नंतर विचारून, वाचून घेतलं होतं. दिव्याखाली पेन्सिल भराभर हलवून बघा. एकीच्या ठिकाणी चारपाच सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो दिवा नको. सलग धूसर पट्टा दिसला तर घ्या. आणि एका दिव्यावर भागवू नका. वरून एक, आणि लेथजवळ वाकवता येईल असा दुसरा, म्हणजे हाताची सावली कामावर पडणार नाही. तो हे पाठ केल्यासारखं म्हणत होता. तिला वाटलं, किती वेळा म्हटलं असेल हे याने, कुणीच ऐकायला नसताना.

दुकानात तिने एकेक दिवा पेटवायला लावला आणि त्याखाली पेन्सिल हलवत राहिली. दुकानदाराने आधी हौसेने दाखवले. मग त्याचा चेहरा उतरला. "बाई, दिवा घ्यायचाय की जादू करायचीय?" बाकीची गिऱ्हाइकं हसली. ती हसली नाही. चांगले म्हणून दाखवलेले दोन एलईडी तिने परत केले, तिसऱ्याखाली पेन्सिल सलग दिसली. तिने तो पुन्हा पाहिला, मग पुन्हा, आणि तसेच दोन घेतले.

दिवे दुसऱ्याच वायरमनने लावले. खरादी शेडच्या बाहेर स्टुलावर बसून शिकवायचा. "पटाशी खाली धर. दाबू नकोस, टेकव. कोपर अंगाला." पहिले कितीतरी पाय तिने चुलीत घालण्यालायक केले. एखादा बरा निघाला की ती बाहेर आणून त्याच्या हातात द्यायची. तो डाव्या हाताने घ्यायचा, वळवून बघायचा, आणि बहुतेक वेळा तसाच परत द्यायचा. तिचा हात बसला तसं त्याचं सांगणं कमी होत गेलं. एके दिवशी ती बाहेर आली तेव्हा स्टूल रिकामं होतं. त्यानंतर तो स्टुलावर बसला नाही.

एकदा धाकटा भाऊ आला. सकाळची वेळ होती. अंगणातच उभा राहिला.

"दादा, दिवे बरोबर लागलेत ना?"

"तिला विचार. तिथे मी जात नाही."

"हात दुखतो का?"

"जी बोटं नाहीत, ती दुखतात."

धाकटा आत आला नाही. पुढच्या वर्षी त्याने दूरच्या गावी काम धरलं आणि बिऱ्हाड हलवलं. अधूनमधून फोन येतो. खरादी फोन डाव्या कानाला लावतो, तिकडे पाऊस आहे का, मुलं कशी आहेत, एवढं विचारतो आणि बायकोकडे देतो. ती शेडमधून हात झटकत येते. बोलणं झालं की परत जाते. दिवसाला चार पाय, कधी पाच. आता लोक काम घेऊन येतात तेव्हा तिलाच विचारतात, आणि खरादी पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो.