राजेश्वरी आणि शेंगाचटणीचा डबा

सात रस्त्याजवळच्या त्या दवाखान्यात राजेश्वरी नेमकं काय काम करते, हे राजेश्वरी सोडून कुणालाच धड ठाऊक नव्हतं. अक्कलकोटला तिची अव्वा, म्हणजे आई, शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी सोलापुरात गोळ्या विकते." सिस्टर धनलक्ष्मीचा पक्का ग्रह होता, की ही बया आपल्या चुका टिपायला ठेवलीय. आणि मोठे डॉक्टर अनिलकुमार तर तोंडावरच म्हणत, "औषध मी लिहितो, सिस्टर देतात, पेशंट खातो. मधे तुम्ही कशाला?"

राजेश्वरी होती क्लिनिकल फार्मासिस्ट. पेशंटच्या उशाशी बसायचं, तो कुठली औषधं घेतो, कशाबरोबर कुठलं जमत नाही, कुणाला काय जास्त होतंय ते शोधायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. तिला हे काम जिवापाड आवडायचं. त्याआधी ती मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहून इतकी विटली होती, की 'सुट्टे द्या' म्हणताना तिला रडू यायचं. आणि आता अनिलकुमार सरांनी सांगून टाकलं होतं, "शनिवारी ठरवू. वॉर्डात तुमचा उपयोग दिसला तर ठीक, नाहीतर तळमजल्यावर आपलं मेडिकल आहेच की."

नेमक्या त्याच आठवड्यात मंगळवेढ्याकडच्या फुलाबाई भरती झाल्या. जन्मभर मेंढरांमागे हिंडलेली काटक बाई, पण न्याहारी झाली की गरगरून पडायची. घरीही तेच आणि दवाखान्यातही तेच. संध्याकाळी मात्र बीपी पुन्हा वर. सरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडेना.

राजेश्वरी पदर खोचून बसली. "आजी, बीपीची गोळी घरी किती वाजता घेत होता?"

"सकाळच्याला."

"जेवणाआधी का नंतर?"

"जेवतानाच की बाय."

"रोज? चुकवत नाही ना?"

"न्हाय गं. घरात समदी जेवत्यात, कशी चुकंल?"

या शेवटच्या उत्तरावर राजेश्वरीनं थांबायला हवं होतं. पण हिला शनिवार दिसत होता. तिनं मान डोलावली आणि सरांना जाऊन सांगितलं, "गोळीत काही गडबड नाही." सर म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, नाहीतर मला कसं कळलं असतं!" बिचारी कानापर्यंत लाल झाली.

शनिवार उजाडला. दुपारी फुलाबाईंचे मालक जोतिराम एक डबा घेऊन सरांच्या खोलीत आले. उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी आणि फडक्यात कडक भाकरी. सोलापुरात या जोडीला कोण नाही म्हणणार? सर तुटून पडले, सिस्टर तुटून पडली आणि राजेश्वरीनं तर, आता मेडिकलमध्येच जायचंय म्हणून, दुःखाच्या भरात दोनदा वाढून घेतली.

थोड्या वेळानं राऊंड सुरू झाला. फुलाबाईंच्या कॉटपाशी सर गंभीरपणे म्हणाले, "राजेश्वरी, मी ठरवलंय, की तुम्ही..." आणि डोळे मिटून त्यांनी कॉटचा दांडा घट्ट धरला. सिस्टर "अय्यो" म्हणत स्टुलावर टेकली. राजेश्वरीला सगळा वॉर्ड गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यासारखा फिरताना दिसायला लागला. जोतिराम भिंतीला टेकून म्हणाले, "आमाला बी रोज असंच व्हतंय. म्हणलं, वय झालं."

राजेश्वरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती फरशीवर बसली आणि खुदकन हसली.

"आजी, चटणीत काय काय घातलंय?"

"शेंगा, लसूण, जिरं, तिखट, मीठ..." फुलाबाईंनी शांतपणे यादी दिली, "आन् माज्या गोळ्या."

"गोळ्या?"

"गळ्यातनं उतरत न्हाईत बाय. म्हैन्याच्या एकदम कुटायच्या. लसणात कडू लागत न्हाय. हितं बी त्याच डब्यातली खाती मी."

"आणि सिस्टर देतात त्या?"

"त्या बी भाकरीत चुरून खाती. दिलेलं टाकू व्हय?"

दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली गोळी! कुटली, की सगळं औषध एकदम अंगात. तेही घरादाराच्या. आणि संध्याकाळपर्यंत असर संपला, की बीपी पुन्हा वर.

"अहो, पण मला कशाला खाऊ घातलीत?" सर केविलवाण्या आवाजात ओरडले.

"गोळी तुमचीच हाय की," फुलाबाई म्हणाल्या, "तुमाला काय व्हतंय?"

यावर सिस्टर स्टुलावरून पडेपर्यंत हसली. राजेश्वरीनं फरशीवर आडवं होऊन, पाय खुर्चीवर टाकून कारभार हातात घेतला. दुसऱ्या नर्सला बोलावलं, सगळ्यांना झोपवलं, बीपी मोजत राहायला लावलं, कुणी उठायचं नाही म्हणून दम भरला. "आणि सर, फुलाबाईंना कुटली तरी चालेल अशी दुसरी गोळी द्या. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

शेजारच्या रिकाम्या कॉटवर आडवे झालेले सर छताकडे बघत होते. "मीही कुठं विचारलं?" ते म्हणाले. "गोळी घशाखाली कशी जाते, हे विचारायला मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. सिस्टर, खाली मेडिकलमध्ये कळवा, राजेश्वरी येणार नाहीत. त्या इथंच लागतील."

राजेश्वरीनं आनंदानं टुणकन उडी मारली. आणि लगेच धपकन खाली बसली.

"उठायचं नाही म्हणून सांगितलंय ना तुम्हीच!" सिस्टर धनलक्ष्मी ओरडली. पण तिनं स्वतःची उशी काढून राजेश्वरीच्या डोक्याखाली सारली.