आई विटीदांडू खेळली तो दिवस

माझा थोरला भाऊ पलटणीत गेला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. अंगानं थोराड होता एवढंच. वडील जुने फौजी. भरतीच्या साहेबापुढं त्यांनी छाती काढून सांगितलं, "अठरा पुरी हायती." पोरगं पंधराचं होतं. आटपाडीकडच्या आमच्या कोरड्या गावात वडिलांनी त्या दिवशी साखर वाटली आणि आई चुलीपुढून उठली नाही.

महायुद्ध संपल्यावर तो ब्रह्मदेशातून परतला तो मिशीवाला होऊन, आणि मुका. भांडं पडलं की भिंतीला पाठ लावायचा. काही विचारलं तर नुसता बघत राहायचा. मग एक दिवस हा बाप्या दहा-बारा वर्षांच्या पोरांत जाऊन विटीदांडू खेळू लागला! गाव खो-खो हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात एका पोरानं मागून आरोळी ठोकली, तशी ह्यानं त्याची मानगूट धरली, ती चौघांनी ओढल्यावर सुटली. त्या दिवसापासून बाया आपली पोरं घरात घेऊ लागल्या.

चुलत्यांनी ठरवलं, ह्याला बाहेरचं काहीतरी लागलंय, देवऋष्याकडं न्यायचं. तो देवऋषी छडीनं फोडून काढायचा. तिथून पार खुळी होऊन आलेली माणसं आम्ही पाहिली होती. वडिलांनी मान डोलावली. सकाळी गाडी जुंपली. भाऊ अंगणात दांडू मांडीवर घेऊन बसला होता.

तेव्हा आई बाहेर आली. दिरांपुढं जिचा डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता, तिनं तो सगळ्यांदेखत कमरेला खोचला.

"त्याला भूतबित कायबी न्हाई, भावजी. खेळायच्या वयात त्याच्या हातात बंदूक दिली तुमी. ऱ्हायलेलं खेळतंय लेकरू." आणि भावासमोर जाऊन उभी राहिली. "टोलव रं. मी झेलती."

मी आ वासून बघत राहिले. माझी आई धावली, पडली, उठून परत धावली. भावाच्या ओठांच्या कडा हलल्या. पुढचा टोला मात्र असा बसला की विटी थेट आईच्या भुवईवर. रक्ताची धार लागली. भावाच्या हातातला दांडू गळाला. तो "मेली, मेली" एवढंच पुटपुटू लागला.

आईनं त्याचा हात ओढून आपल्या रक्तानं भरलेल्या गालावर ठेवला. "बघ. लागलंय, पर मेली न्हाई मी. डाव अजून तुझाच हाय."

भावानं हंबरडा फोडला. परत आल्यापासून तो रडलाच नव्हता. एवढ्या वयात मी शूर म्हणवणारी पुष्कळ माणसं पाहिली, पण त्या अंगणातल्या आईइतकं मोठं मला आजवर कुणी वाटलेलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले, तिच्या भुवईकडं बघितलं आणि विचारलं, "लय दुखतंय का गं, आये?"

वडिलांनी गाडीचे बैल सोडले.